भाव पडले तर भट्टी बंद करता येते का? पोलादाचा हिशेब इथून सुरू करा

तुमचा प्रश्न मी असा समजलो. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात तुम्हाला भारतीय पोलाद उद्योगातली स्पर्धा पाच बलांच्या चौकटीत (स्पर्धक, पुरवठादार, गिऱ्हाईक, पर्यायी माल आणि नवे स्पर्धक) मांडायची आहे. लोहखनिज आपल्याकडे मुबलक, मागणी दरवर्षी वाढती, आयातीवर शुल्क, आणि नवा कारखाना उभारायला हजारो कोटी लागत असल्यामुळे नवे स्पर्धक येणं अवघड. म्हणजे चौकटीप्रमाणे हा धंदा भरभराटीचा निघतो. पण ताळेबंद उघडले की एका वर्षी बक्कळ नफा, पुढच्या वर्षी घसरण, आणि मागे गेलं तर मोठमोठ्या कंपन्या दिवाळखोरीत गेलेल्या. चौकट चुकली की आकडे, असं तुम्ही विचारलं आहे.

आकडे बरोबर आहेत. चौकटही टाकाऊ नाही, पण तिच्यात एक प्रश्न आधी घालावा लागतो: भाव पडले तर भट्टी बंद करता येते का? माझी सुरुवातीची सहा वर्षं एका एकात्मिक, म्हणजे खनिजापासून पोलादापर्यंत सगळं करणाऱ्या, कारखान्यात गेली. पुढची वीस वर्षं इंडक्शन भट्टी (विजेवर वितळवणारी) आणि रोलिंग मिलमध्ये (सळई लाटणारी) कॉस्टिंग आणि कच्च्या मालाची खरेदी बघतोय. दोन्हीकडे बसल्यावर कळलं की आपण ज्याला एक उद्योग म्हणतो ते दोन वेगळे धंदे आहेत. प्रत्येकाचा पुरवठादार वेगळा, गिऱ्हाईक वेगळं आणि दुखणंही वेगळं. आधीच सांगतो, कारखाना कुठे आहे, खाण कुणाची आहे आणि माल फ्लॅट आहे की लाँग, यावर बरंच काही अवलंबून आहे. म्हणजे कॉइल-पत्रा की सळई-अँगल. त्यामुळे खाली जिथे "धरा" असं म्हणेन, ते आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत.

पहिला धंदा ब्लास्ट फर्नेसचा. इथे लोहखनिजातून कोकच्या, म्हणजे भाजून घट्ट केलेल्या कोळशाच्या, साहाय्याने कच्चं लोखंड काढतात आणि त्यात ऑक्सिजन फुंकून पोलाद करतात. जमशेदपूर, भिलाई, राउरकेला, बोकारो, विजयनगर ही त्यातली मोठी नावं. दुसरा धंदा भंगार आणि स्पंज आयर्न (खनिज न वितळवता त्यातून काढलेलं लोखंड) विजेवर वितळवणाऱ्यांचा. आपल्या जालन्याच्या सळया तिथल्या. रायपूर, मंडी गोबिंदगड ही त्यांचीच भावंडं. देशात २०२४ मध्ये सुमारे १५ कोटी टन पोलाद झालं. त्यातलं साधारण एक तृतीयांश इंडक्शन भट्ट्यांतून येतं. जगात दुसऱ्या कुठल्याच मोठ्या पोलाद उत्पादक देशात हे प्रमाण एवढं नाही, म्हणून परदेशी पाठ्यपुस्तकातलं विश्लेषण इथे जसंच्या तसं लागू पडत नाही.

आता भट्टी बंद करण्याकडे येतो. ब्लास्ट फर्नेस एकदा पेटवली की पंधरा-वीस वर्षं चालते. फार तर वारा कमी करून उत्पादन थोडं खाली आणता येतं. तिच्यामागे असलेली कोक ओव्हनची बॅटरी, म्हणजे कोक भाजणाऱ्या भट्ट्यांची रांग, तर त्याहून हट्टी. तिच्या भिंती सिलिका विटांच्या असतात. या विटा एकदा तापल्या की बॅटरी असेपर्यंत तापलेल्याच ठेवाव्या लागतात. गार झाल्या की आकसतात, तडकतात आणि बॅटरी कामातून जाते. मी नोकरीला लागलो तेव्हा एका ज्येष्ठ फोरमननी मला बॅटरीवर नेलं, पायाखालची धग जाणवू दिली आणि म्हणाले, "हिला सुट्टी नसते. दिवाळीलाही नाही, मंदीलाही नाही." माझं कॉस्टिंगचं शिक्षण तिथे सुरू झालं.

हे हिशेबात कसं उतरतं ते बघा. धरा, एक टन कॉइलचा चल खर्च, म्हणजे माल केला तरच होणारा खर्च, ३८,००० रुपये आणि व्याज, घसारा, पगार असा स्थिर खर्च ९,००० रुपये. एकूण ४७,०००. बाजारभाव ४४,०००. विकलं तर टनामागे ३,००० तोटा. पण नाही विकलं तर ९,००० तोटा, कारण बँकेचा हप्ता भट्टीकडे बघून थांबत नाही. मग मॅनेजर विकतोच. शेजारचाही विकतो, चीनमधलाही विकतो. सगळे मिळून भाव आणखी खाली ढकलतात आणि कुणीही भट्टी विझवत नाही. तुमच्या चौकटीतल्या "स्पर्धकांमधली चुरस" या रकान्यात कंपन्यांची संख्या लिहून भागणार नाही. या उद्योगातून बाहेर पडणं किती महाग आहे, ते तिथे लिहा.

म्हणूनच २०१५ च्या सुमारास चिनी मालाचा पूर आला तेव्हा कर्ज काढून क्षमता वाढवलेल्या आपल्या कंपन्या अडकल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारला पोलादाच्या १७३ प्रकारांवर किमान आयात किंमत लावावी लागली. त्याच वर्षी दिवाळखोरी संहिता आली आणि पुढे भूषण स्टील २०१८ मध्ये टाटा स्टीलकडे, एस्सार स्टील २०१९ मध्ये आर्सेलरमित्तल-निप्पॉनकडे, तर भूषण पॉवर २०२१ मध्ये जेएसडब्ल्यूकडे गेली. इथे बहुतेक विद्यार्थ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. कंपन्या बुडाल्या, पण भट्ट्या चालूच राहिल्या. एस्सारसाठी जवळपास ४२,००० कोटी मोजले गेले तरी बँकांना आपलं येणं पूर्ण मिळालं नाही. म्हणजे कर्जाचा भार हलका झाला आणि तीच क्षमता नव्या मालकाच्या हातात कमी भांडवली खर्चात बाजारात राहिली. इतर धंद्यांत दुबळा स्पर्धक मेला की बाकीच्यांना श्वास घेता येतो. पोलादात तो स्वस्त होऊन परत येतो.

पुरवठादारांकडे वळू, कारण मोठ्या कारखान्यांचा नफा खरा तिथे ठरतो. ब्लास्ट फर्नेसच्या मार्गाने एक टन पोलादाला ढोबळमानाने १.६ टन लोहखनिज आणि ०.८ टन कोकिंग कोळसा (ज्याचा कोक होतो तो) लागतो. खनिज आपलं आहे, कोळसा नाही. आपल्या कोळशात राख जास्त, त्यामुळे कोकिंग कोळशाच्या गरजेतला सुमारे ८५ टक्के भाग बाहेरून येतो आणि त्यातला मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या खाणींच्या भागात वादळ-पाऊस झाला की आपल्याकडच्या पोलादाचा उत्पादन खर्च हलतो. २०२२ च्या मार्चमध्ये, युक्रेन युद्ध पेटल्यावर, हा कोळसा टनाला ६०० डॉलरच्या वर गेला होता. तीन वर्षांनी तो २०० च्या खाली होता. कोळसा १०० डॉलरने चढला की एका टन पोलादामागे ८० डॉलर वाढतात, म्हणजे ८५ रुपयांच्या डॉलरने ६,८०० रुपये. साधारण वर्षी बऱ्याच कारखान्यांना टनामागे एवढा निव्वळ नफा सुटत नाही. त्यामुळे नुसत्या पोलादाच्या भावाचा आलेख काढू नका. पोलादाच्या भावातून खनिज आणि कोळशाचा खर्च वजा करून जो फरक उरतो, त्याचा काढा. धंदेवाले बोलतात ते त्याच फरकाबद्दल.

खनिजाची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. देशात खनिज मुबलक आहे, हे वाक्य तुमच्या प्रकल्पातून काढून टाका. कुणाचा खाणपट्टा, म्हणजे खाणीचा भाडेकरार, कधीचा आहे, ते लिहा. २०१५ मध्ये खाण कायदा बदलला आणि नवे पट्टे लिलावाने द्यायचे ठरलं. जुने स्वतःच्या वापराचे पट्टे असलेल्यांना ३१ मार्च २०३० पर्यंत मुदत मिळाली. जुना पट्टेदार १५ टक्के रॉयल्टी, जिल्हा खनिज निधी आणि उत्खननाचा खर्च देतो. लिलावात पट्टा घेणारा याच्या वर बोलीचा प्रीमियम देतो, आणि २०२० मध्ये ओडिशात काही खाणींसाठी सरासरी विक्रीमूल्याच्या १०० टक्क्यांहून अधिक बोली लागल्या. म्हणजे खनिज जेवढ्याला विकलं जाईल त्याहून जास्त रक्कम सरकारजमा करायची, उत्खनन वेगळं. मग अशी बोली कुणी का लावली? कारण खनिज वेळेवर न मिळाल्याने ब्लास्ट फर्नेस उपाशी राहिली तर होणारं नुकसान त्याहून मोठं. परत तोच मुद्दा: भट्टी थांबवता येत नाही. एकाच देशात, एकाच खनिजावर दोन कारखान्यांच्या खर्चात हजारो रुपयांचा फरक आहे. तो फरक कौशल्याचा नसून पट्ट्याच्या तारखेचा आहे. २०३० नंतर तो कसा बदलेल, हा तुमच्या प्रकल्पातला सगळ्यात जिवंत प्रश्न ठरू शकतो.

आता भाव कोण ठरवतं? फ्लॅट मालात उत्तर सरळ आहे: आयात होऊन येणारा माल. धरा, चिनी हॉट रोल्ड कॉइल आपल्या बंदरात ५०० डॉलरला पोचते. ८५ च्या डॉलरने ४२,५०० रुपये. त्यावर ७.५ टक्के मूळ सीमाशुल्क, म्हणजे साधारण ३,२००. बंदर, हाताळणी, अडकलेल्या पैशाचं व्याज मिळून १,५०० धरा. झाले ४७,२००. देशी कारखान्याला याच्या आसपासच भाव लावता येतो. त्याचा स्वतःचा खर्च किती, हे गिऱ्हाईक विचारत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने काही फ्लॅट प्रकारांवर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरतं संरक्षण शुल्क लावलं. वरच्या हिशेबात त्याचे ५,१०० रुपये होतात, म्हणजे देशी भावाचं छत तेवढं वर सरकलं. दुसरीकडे जपान आणि कोरियाशी मुक्त व्यापाराचे करार असल्याने तिथला बराच माल शून्य सीमाशुल्कात येतो. "आयातीवर शुल्क आहे" एवढं लिहून थांबलात तर अर्धंच चित्र दिसेल.

आणि चीनचा आकार लक्षात घ्या. तिथे वर्षाला सुमारे १०० कोटी टन पोलाद होतं. २०२४ मध्ये त्यांनी जवळपास ११ कोटी टन निर्यात केलं, म्हणजे आपल्या त्या वर्षीच्या एकूण उत्पादनाच्या सत्तर टक्क्यांहून जास्त. तिथलं घरबांधणी क्षेत्र थंडावलं, भट्ट्या विझल्या नाहीत आणि माल बंदरांकडे निघाला.

सळईचं मात्र उलट आहे. परदेशातून सळई फारशी येत नाही, म्हणून तिथे आयातीचं छत लागत नाही. तिथे भाव ठरतो इंडक्शन भट्टीवाल्याच्या खर्चावर, कारण तो भट्टी बंद करू शकतो. भाव चल खर्चाच्या खाली गेला की आधी एक पाळी बंद, मग आठवड्याचे दोन दिवस बंद. माल कमी झाला की भाव सावरतो. थोडक्यात, फ्लॅटमध्ये भाव ठरवतो बंद करू न शकणारा, सळईत बंद करू शकणारा. ही एक ओळ तुमच्या प्रकल्पाचा कणा करा. पाचही बलं तिच्याभोवती आपोआप लागतील.

बंद करणं छोट्यालाही फुकट पडत नाही. वीज वापरली नाही तरी डिमांड चार्ज भरावाच लागतो. भट्टीचं अस्तर गार होऊन तडकलं तर रॅमिंग मास, म्हणजे अस्तराचा माल, पुन्हा ठोकावा लागतो. तरीही तो थांबू शकतो, हे खरं.

त्याचा कोकिंग कोळसा म्हणजे वीज. निव्वळ चांगल्या भंगारावर टनाला ६०० च्या आसपास युनिट लागतात. स्पंजचं प्रमाण वाढवलं की ८०० पर्यंत जातात, कारण स्पंजमधला मळ स्लॅग (वितळलेली मळी) होऊन वीज खातो. धरा, सरासरी ७५०. युनिटला एक रुपया फरक म्हणजे टनाला ७५० रुपये, आणि बऱ्याच महिन्यांत आम्हाला टनामागे सुटतात तेवढेच. म्हणून शेजारच्या राज्यात वीज रुपयाने स्वस्त असेल तर तिथला बिलेट (ज्यातून सळई लाटतात तो पोलादाचा ठोकळा) भाडं भरूनही आमच्या दारात येतो. बऱ्याच राज्यांत दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना वेगळे दर असतात. आमची हीट, म्हणजे भट्टीची एक खेप, कधी लावायची ते घड्याळ बघून ठरतं. पुरवठादारांच्या रकान्यात वीज वितरण कंपनी लिहायला विसरू नका. तिच्याशी घासाघीस करता येत नाही.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत फॉस्फरस मला कधीच दिसत नाही, आणि छोट्या कारखान्यांच्या स्पर्धेत तो निर्णायक आहे. मोठ्या कारखान्यात ऑक्सिजन आणि चुन्यामुळे फॉस्फरस स्लॅगमध्ये निघून जातो. साध्या इंडक्शन भट्टीत तो निघत नाही. आत आला तेवढा सळईत उतरतो. भारतीय मानक १७८६ प्रमाणे सळईच्या एफई ५०० या ग्रेडला फॉस्फरस ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यावरच्या एफई ५०० डी ला ०.०४० च्या वर चालत नाही. एका रात्री ५०० डी ची ऑर्डर लागली होती. १५ टनांचा रस तयार, स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) नमुना ठेवला आणि फॉस्फरस आला ०.०५२. हातात ०.०१५ फॉस्फरसचं स्वच्छ सीआर कातरण, म्हणजे थंड लाटलेल्या पत्र्याचे तुकडे, होतं. मी तिथेच वहीत हिशेब मांडला: रस पातळ करून ०.०४० वर आणायला सात टनांहून जास्त कातरण लागणार होतं, आणि भट्टीत जागा होती एका टनाची. ती हीट एफई ५०० म्हणून ओतली, ऑर्डर दोन दिवस मागे गेली, आणि त्या स्पंजच्या लॉटला मी नंतर हात लावला नाही. कमी फॉस्फरसच्या स्पंजला जास्त भाव का मिळतो आणि भूकंपाला टिकाऊ म्हणून मागितल्या जाणाऱ्या वरच्या ग्रेडमध्ये प्रत्येक छोटा कारखाना का उतरू शकत नाही, याचं उत्तर त्या रात्रीत आहे. छोट्यांसाठी प्रवेशाचा अडथळा भांडवलाइतकाच रसायनशास्त्राचा आहे.

गिऱ्हाइकाच्या बळाचंही असंच, ते मालाप्रमाणे बदलतं. मोटार कंपनी तिमाही-सहामाही करार करते आणि पत्र्याचा प्रत्येक प्रकार आधी मंजूर करून घेते. एकदा मंजूर झाला की तीही सहज दुसरीकडे जात नाही. सळईत खरी ताकद डीलरकडे. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८८ किलो भरायला हवी, मानकात ५ टक्के कमी-जास्त चालतं. १२ मीटरचा नग होतो १०.६६ किलोचा. मिलने ४ टक्के हलकी ओढली तर १०.२३ किलोचा. पहिल्या सळईचे टनात ९३-९४ नग बसतात, दुसरीचे ९७-९८. डीलर वजनावर घेतो आणि नगावर विकतो, म्हणून तो हलकी ओढणाऱ्या मिलकडे जातो. भावपत्रकात दोन मिलचा दर एकच दिसेल, पण खरी चुरस या चार नगांत चालते. घर बांधणाऱ्याने वजनावरच सळई घ्यावी, असं मी प्रत्येकाला सांगतो, ते यासाठी.

पर्यायी मालावर फार वेळ घालवू नका. घरातल्या पाण्याच्या जीआय पाइपची जागा प्लास्टिकने घेतली, गाड्यांत ॲल्युमिनियम थोडं वाढलं. पण स्लॅब, पूल आणि रूळ यांना पर्याय नाही.

नव्या प्रवेशाबद्दल मात्र पैशापलीकडे बघा. पॉस्कोने २००५ मध्ये ओडिशात वर्षाला १.२ कोटी टनांच्या कारखान्याचा करार केला होता. पैसा होता, तंत्रज्ञान होतं. जमीन आणि खाण जुळली नाही आणि २०१७ मध्ये तो प्रकल्प सोडून दिला गेला. इथे शिरायचा सोपा रस्ता बुडालेला कारखाना विकत घेण्याचा आहे, आणि तो मुख्यतः आधीपासून आत असलेल्यांनीच वापरला.

सरकार हे वेगळं बल म्हणून मांडा. १९९२ मध्ये दर आणि वाटपावरचं नियंत्रण उठलं, तरी धोरणाचा हात भावावर असतोच. २१ मे २०२२, शनिवारची संध्याकाळ. पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क जाहीर झालं, लोहखनिजावरचं ५० टक्क्यांवर गेलं. सोमवारी सकाळी डीलरचे फोन एकाच प्रश्नाचे: भाव किती पडले? निर्यातीचा माल देशात वळणार, खनिज स्वस्त होणार, स्पंज उतरणार हे सगळ्यांनी एकाच वेळी ताडलं आणि खरेदी थांबली. आमच्या यार्डात तीन आठवड्यांचं महाग स्पंज पडून होतं. ते जुन्या भावाचं स्पंज नव्या भावाच्या सळईत गेलं आणि त्या महिन्याचा ताळा मला अजून पाठ आहे. नोव्हेंबरमध्ये शुल्क उठलं. महागाई आटोक्यात आणायला ते लावलं होतं आणि त्याची कारणं समजण्यासारखी होती. पण त्या वर्षीचा ताळेबंद वाचताना ही तारीख समोर ठेवली नाही, तर व्यवस्थापनाच्या माथी नको ते खापर फोडाल.

कार्बनचा मुद्दा आत्ता छोटा वाटेल, पण एका परिच्छेदाची जागा ठेवा. युरोपचा सीमेवरचा कार्बन कर २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याकडे हरित पोलादाची व्याख्या ठरली: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड. कोळशावरच्या स्पंजला ती रेषा जड जाईल, भंगारावर चालणाऱ्याला हलकी. आज आम्ही भंगार आणि स्पंज यांतलं जे स्वस्त ते भट्टीत टाकतो. उद्या तो निर्णय फक्त भावावर राहणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर सगळ्या उद्योगाचा एक तक्ता केलाच नसता. एक मोठा कॉइलवाला कारखाना आणि एक सळईची मिल निवडा. दोघांसाठी २०१५, २०२१ आणि २०२२ ही तीन वर्षं घ्या आणि टनामागचा फरक काढा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात विक्रीचे टन आणि कच्च्या मालाचा खर्च दोन्ही असतात, त्यातून तो निघतो. मिल खासगी असेल तर थेट तिच्या कॉस्टिंगवाल्याला भेटा आणि दोनच गोष्टी विचारा: टनाला किती युनिट पडतात, आणि गेल्या वर्षी भट्टी किती दिवस बंद होती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो जरा थांबेल. त्याला बोलू द्या, मध्ये अडवू नका.